रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातल्या डोंगराळ तालुक्यांत दिवाळीनंतर अनेक पाड्यांवरच्या घरांना कुलूप लागते. भातकापणी उरकली की आदिवासी कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात. परततात ती पावसाळ्याच्या तोंडावर. मधल्या महिन्यांत गावच्या अंगणवाडीत मूल हजर नसते, आणि वजनाच्या तक्त्यात त्याच्या नावापुढची चौकट रिकामी राहते. अशा रिकाम्या चौकटीचे काय करायचे? हा प्रश्न किती मोठा आहे, ते एक संगणकीय साधन वापरून पाहताना आम्हाला नीट उमगले.

त्याचे नाव पांडाज. पायथन ही संगणकाला सूचना देण्याची भाषा. त्या भाषेत तक्ते हाताळण्यासाठी तयार आज्ञांचा जो संच आहे, तो पांडाज. अशा संचाला संगणकवाले ‘लायब्ररी’ म्हणतात. अमेरिकेतील वेस मॅकिनी यांनी 2008 साली एका गुंतवणूक कंपनीत काम करताना तो लिहायला घेतला. नाव ‘पॅनल डेटा’ या शब्दांवरून पडले. त्याच माणसांच्या वेळोवेळी घेतलेल्या नोंदी, असा त्याचा अर्थ. अंगणवाडीतले दरमहाचे वजन ही अगदी तशीच नोंद. पांडाज मोफत आहे, आणि इंटरनेट असेल तर गूगल कोलॅबवर मोबाइलमध्येही चालते.

आम्ही सहा मुलांचा एक काल्पनिक तक्ता केला. चौघांची वजने 9, 10, 11 आणि 12 किलो. दोघे भट्टीवर गेलेले, म्हणून त्यांच्या चौकटी रिकाम्या. सरासरी विचारली. उत्तर आले साडेदहा किलो. रिकाम्या चौकटीला पांडाज ‘अंक नाही’ असे समजते आणि सरासरीतून वगळते. मग रिकाम्या जागी शून्य भरले, तर सरासरी आली 7. शेवटी, ही दोन मुले परतली आणि प्रत्येकी साडेसात किलो भरली असे धरले. सरासरी झाली साडेनऊ.

तक्ता एक, उत्तरे तीन. साडेदहा हा आकडा खोटा नाही, पण तो सहा मुलांचा नसून चौघांचा आहे. गाव सोडावे लागते ते बहुधा गरिबातल्या गरिबांना. त्यांचीच मुले हिशेबातून गळली, तर कागदावर गाव सुदृढ दिसू लागते. 1992-93 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. त्या भागात वजनाचा आकडा म्हणजे नुसते गणित नव्हे.

म्हणून पांडाज शिकणाऱ्या मुलामुलींना आम्ही एकच सांगू : सरासरी काढण्याआधी रिकाम्या चौकटी मोजा. त्यासाठी स्वतंत्र आज्ञा आहे. उत्तरासोबत ‘सहापैकी चार मुलांची नोंद’ असे लिहा. जागा भरायची म्हणून अंदाजाचा आकडा घालू नका. कुरआनमधील सूरह बकराच्या आयत 282 मध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहिण्याची ताकीद आहे. पैशाच्या हिशेबाला एवढी काळजी, तर लेकराच्या वजनाला किती हवी! नोंद ही अमानत आहे.

शेवटी, ही चौकट यंत्र भरू शकत नाही, माणूसच भरतो. भिवंडी-वसईकडे आपली अनेक घरे आहेत. घराजवळ वीटभट्टी असेल, तर तिथल्या लहान मुलांची खबर जवळच्या अंगणवाडीताईंना द्या. मुलाचे लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवा, असे त्या आईला सांगा. मूल तिथे तोलले गेले, तर आहार आणि लसही त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट खुली होते. चार महिन्यांसाठी आलेला असला तरी तो आपला शेजारीच, आणि शेजाऱ्याचा आपल्यावर हक्क आहे.