इस्त्रीची कॉईल तोडून जोडली की काय होते?

हिंदमाता, परळ, लालबाग या भागात तयार कपड्यांचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांच्या गाळ्यात इस्त्री दिवसभर तापलेली असते. कॉईल तुटली की कारीगर जळका तुकडा काढून टाकतो, टोके पिळून जोडतो आणि काम पुढे सुरू. पैसे वाचले, शिवाय इस्त्री पहिल्यापेक्षा लवकर तापते, म्हणून मालकही खूश! आमच्या मते हा सौदा तोट्याचा आहे.

कॉईल निक्रोमच्या तारेची असते. ही तार विजेला अडवते व त्यातून तापते. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. अडथळा जास्त तर उष्णता जास्त, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु आपल्या लाईनचा दाब 230 व्होल्ट ठरलेला असतो. अडथळा घटला की वीज जास्त वाहते आणि उष्णता वाढते. हिशेब सोपा आहे. व्होल्टला व्होल्टने गुणावे, ओहमने भागावे, वॅट निघतात. 750 वॅटच्या इस्त्रीची कॉईल सुमारे 70 ओहमची असते. तिचा दहावा भाग तोडला तर 63 ओहम उरतात आणि इस्त्री 830 वॅटच्या वर जाते. तार आखूड, उष्णता जास्त. म्हणजे इंचामागे बोजा जवळजवळ पावपट वाढला. ती पुन्हा तुटणारच, आणि ढिल्या जोडापाशी ठिणग्या उडतात त्या वेगळ्याच.

कारीगर म्हणतो, बटण तर कमीवर ठेवले आहे. पण बटणाने वॅट बदलत नाहीत. रेशमावर ठेवा की सुतीवर, कॉईल पूर्ण जोरानेच तापते. ठरलेली उष्णता आली की आतली दोन धातूंची पट्टी वाकून वीज तोडते. कॉईल घाईने तापली तर पट्टी वाकेपर्यंत तळ मर्यादेपुढे गेलेला असतो. सुती कापड ते सोसते. पॉलिएस्टरचा दुपट्टा मात्र चकाकतो, आकसतो, आणि गिऱ्हाईक माल परत आणते.

वायरिंगचेही पाहावे. 1000 वॅटची इस्त्री 4 अँपिअरहून जास्त वीज घेते. अशा दोन इस्त्र्या 6 अँपिअरच्या एकाच सॉकेटवर लावणे म्हणजे कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी आगीला बोलावणे.

लोहार चाळीत एलिमेंट घेताना इस्त्रीवर लिहिलेलेच वॅट सांगावेत. जुन्या इस्त्रीचा संशय असेल तर प्लग काढून, ती थंड झाल्यावर, बटण चालूवर ठेवून मीटरने मोजावे. अर्थची जाड पिन सोडून उरलेल्या दोन पिनांमध्ये 750 वॅटला 70 च्या आसपास, 1000 वॅटला 53 च्या आसपास ओहम यावेत. आकडा बराच कमी आला तर एलिमेंट त्याच दिवशी बदलावे.