शार्त्रची काजळी

पॅरिसच्या माँपारनास स्टेशनातून सुटलेल्या गाडीला शार्त्रला पोचायला साधारण तास-सव्वातास लागतो. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना बोस प्रांतातली गव्हाची सपाट शेतं असतात, आणि गाव दिसायच्या आधी कॅथेड्रलचे मनोरे दिसतात. जोडी जमलेली नाही. दक्षिणेकडचा मनोरा बाराव्या शतकातला, साधा, टोकदार. उत्तरेकडच्या मनोऱ्याचं लाकडी शिखर 1506 साली वीज पडून जळालं. तोवर फॅशन बदलली होती, त्यामुळे ज्याँ द बोस या कारागिराने त्या जागी दगडाचं जाळीदार, अधिक उंच शिखर चढवलं. जुन्याची नक्कल करावी असं त्याच्या मनातही आलं नसावं.

मी गेलो होतो तो काळोख पाहायला. जुन्या पुस्तकांतल्या फोटोंत शार्त्रचा अंतर्भाग म्हणजे गुहा: काळे खांब, वर कुठेतरी हरवलेलं छत आणि त्या अंधारात पेटलेल्या निळ्या खिडक्या. दार ढकलून आत शिरलो आणि एखाद्या नव्याकोऱ्या मंगल कार्यालयात आल्यासारखं वाटलं. भिंती फिक्या पिवळ्या, कमानींच्या कडा पांढऱ्या, सगळं लख्ख. पहिली दहा मिनिटं मी चक्क रागावलो होतो.

हा राग माझ्या एकट्याचा नव्हता. 2009 पासून फ्रेंच सरकारने आतल्या भिंती टप्प्याटप्प्याने साफ करायला आणि रंगवायला घेतल्या. डिसेंबर 2014 मध्ये अमेरिकी वास्तुसमीक्षक मार्टिन फिलर यांनी त्यावर सणसणीत टीका केली आणि मोठा वाद पेटला. मध्ययुगीन रंगीत काचांच्या अभ्यासक मॅडलिन कॅव्हिनेस आणि कलेतिहासकार जेफ्री हॅम्बर्गर यांनी सफाईची बाजू घेतली. ज्याला तुम्ही प्राचीनता म्हणता तो मेणबत्त्यांच्या आणि दिव्यांच्या धुराचा थर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. काजळी खरवडल्यावर खाली तेराव्या शतकातला गिलावा सापडला होता. त्यावर गेरूसारखा पिवळसर रंग, आणि त्या रंगावर पांढऱ्या रेघा ओढून काढलेले दगडांचे सांधे. मला सगळ्यात मजा वाटली ती याची. खालच्या खऱ्या दगडांचे सांधे भलतीकडेच, आणि वर रंगवलेले सांधे सुबक, सारख्या मापाचे. म्हणजे ज्यांनी दगड घडवले त्यांनाच उघडा दगड नको होता. ‘अस्सल दगडा’चं प्रेम आपलं, पर्यटकांचं.

मुळात ही इमारत उभी राहिली तीच एका आगीमुळे. 10 जून 1194 च्या रात्री गाव पेटलं आणि जुनं कॅथेड्रल जळून गेलं. पश्चिमेचं दर्शनी तोंड, तिथली मूर्तिकामाने भरलेली तीन दारं आणि भूमिगत प्रार्थनागृह मुख्यतः एवढं वाचलं. लोकांना धक्का बसला तो मेरीचं वस्त्र गेलं म्हणून. राजा चार्ल्स द बाल्ड याने नवव्या शतकात दिलेलं हे वस्त्र येशूच्या जन्मावेळी मेरीच्या अंगावर होतं, अशी श्रद्धा. यात्रा भरायची ती त्याच्यासाठी, आणि यात्रेवर गावाचं पोट. तीन दिवसांनी तळघरात अडकलेले पुजारी ते वस्त्र घेऊन सुखरूप बाहेर आले, अशी कथा आहे. देवीला अधिक मोठं घर हवंय, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि पैसा वाहू लागला. बांधकामाचा मुख्य भाग पाव शतकाच्या आसपास उरकला, ही त्या काळासाठी अचाट गती. विधिवत अर्पण मात्र 1260 साली झालं.

खिडक्या पाहायला दुर्बीण न्यावी. मी नेली नव्हती, मग मान दुखेपर्यंत वर बघत बसलो. खालच्या चौकटींमध्ये संत नाहीत, चांभार आहेत. पाव भाजणारे, कातडी विकणारे, पिंपातून दारू काढणारे, चाक घडवणारे आहेत. या धंदेवाल्यांनी खिडक्यांचे पैसे दिले, असं पूर्वी बिनदिक्कत सांगितलं जायचं. आता अभ्यासक जपून बोलतात. हा चर्चच्या धर्ममंडळाने रंगवलेला आज्ञाधारक गावाचा देखावाही असू शकतो. शंकेला जागा आहे, कारण बांधकाम चालू असतानाच, 1210 मध्ये, गावकऱ्यांनी या मंडळाच्या प्रमुखाच्या घरावर हल्ला केला होता.

दक्षिणेच्या बाजूला ‘बेल व्हेरिएर’ ही निळ्या वस्त्रातली मेरी आहे. मधला भाग आगीतून वाचलेला, बाराव्या शतकाचा, भोवतीचे देवदूत पुढच्या शतकातले. आणि इथे मला माझा राग गिळावा लागला. भिंत फिकी झाली म्हणून निळा रंग मेला नव्हता. तो आता भिंतीवर, खांबावर, एका झोपलेल्या पोराच्या गालावर पडत होता. काळ्या भिंतीने तो पिऊन टाकला असता.

या काचांनीही बरेच प्रवास केलेत. 1939 मध्ये युद्धाच्या तोंडावर त्या उतरवून, पेट्यांत भरून दूर हलवल्या गेल्या. ऑगस्ट 1944 मध्ये मनोऱ्यांत जर्मन निरीक्षक लपले असावेत, या संशयाने अमेरिकी तोफा इकडे वळायच्या बेतात होत्या. वेलबॉर्न ग्रिफिथ नावाचा कर्नल स्वतः आत शिरून खात्री करून आला. मनोरे रिकामे होते. कॅथेड्रल वाचलं. ग्रिफिथ त्याच दिवशी जवळच्या लेव्ह गावात मारला गेला.

छपराची गोष्ट तर कुणी काढतच नाही. लाकडी सांगाडा 1836 च्या आगीत गेला, तेव्हा त्या जागी चक्क लोखंड घातलं आणि वर तांब्याचे पत्रे. आज ते हिरवे पडलेत आणि पर्यटक त्यांचे ‘मध्ययुगीन’ फोटो काढतात. मीही काढलाय.

जमिनीवरचा प्रसिद्ध चक्रव्यूह मला नीट दिसला नाही. व्यास जवळपास तेरा मीटर, आतली वाट अडीचशे मीटरच्या वर, आणि तीत चकवा एकही नाही. चालत राहिलं की मध्यावर पोचायचंच. पण त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. वसंतापासून शरदापर्यंत शुक्रवारी त्या हलवतात. मी गेलो मंगळवारी. खुर्च्यांच्या पायांमधून काळ्या दगडाची दोन वळणं तेवढी पाहिली.

सगळ्यात जास्त गलका झाला तो मात्र एका लाकडी मूर्तीवरून. ‘खांबावरची मेरी’ ही सोळाव्या शतकातली. पिढ्यान् पिढ्या लोक तिला काळी मेरी म्हणून पूजत आले. सफाईनंतर ती गोरी निघाली, गुलाबी गालांची. खाली मूळचा रंग हाच होता, असं दुरुस्ती करणारे म्हणाले. भाविकांना वाटलं, आमची आई कुणीतरी बदलली. हे वाचताना मला वणी आठवली. 2022 मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर उतरवला गेला आणि देवीचं वेगळंच रूप समोर आलं. नाकीडोळी रेखीव, पण ओळखीची खूण हरवलेली. घरातल्या देव्हाऱ्यात आमच्याकडे अजून जुनाच फोटो आहे. आईने बदलू दिला नाही.

गोऱ्या मेरीसमोर मेणबत्त्यांच्या रांगा तेवत होत्या. मीही एक घेतली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या ज्योतीवर ती पेटवताना वात चरचरली आणि धुराची एक काळी रेघ वर गेली. बाईंनी ती हाताने वारून भिंतीपासून दूर लोटली, माझ्याकडे पाहून हसल्या आणि आपली मेणबत्ती रांगेत जरा पुढे सरकवून ठेवली.