ब्रेक कुठे सुरू होतो, हे यंत्र कसं ओळखतं?

1955 साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने ‘फ्लॅश-मॅटिक’ रिमोट आणला. यूजीन पॉली या अभियंत्याने बनवलेला हा रिमोट म्हणजे पिस्तुलाच्या आकाराची एक बॅटरी होती. टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे सेल होते; ठरलेल्या कोपऱ्यावर झोत टाकला की आवाज बंद. त्रासदायक जाहिराती गप्प करता येतात, असं कंपनी अभिमानाने सांगायची.

पण आवाज गेला तरी जाहिरात पडद्यावर राहतेच. ती ओलांडायची तर कार्यक्रम आधी रेकॉर्ड झालेला हवा. व्हीसीआरने ती सोय केली, आणि 1999 मध्ये हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारे टिवो व रिप्ले टीव्ही आले. आता प्रश्न उरला तो एवढाच : ब्रेक नेमका कुठे आहे, हे यंत्राने कसं ओळखायचं?

जाहिरातीचा अर्थ यंत्राला लागत नाही. ते शोधतं जोड. कार्यक्रम आणि जाहिरात यांच्यामध्ये बरेचदा काही फ्रेम पूर्ण काळ्या असतात आणि त्याच क्षणी आवाजही शून्यावर येतो. नुसता काळोख पुरेसा नाही. रात्रीच्या प्रसंगातही पडदा काळा होतो. म्हणून पुढची खूण पाहायची : अंतर. अमेरिकेत जाहिराती बहुधा 15, 30 किंवा 60 सेकंदांच्या असतात. समजा, बाराव्या मिनिटाला काळा जोड सापडला, त्यानंतर 30 सेकंदांनी दुसरा, मग 15 सेकंदांनी तिसरा. इतकी मोजून-मापून पडलेली अंतरं कथेत सहसा येत नाहीत.

तिसरी खूण वाहिनीच्या लोगोची. चित्र सतत बदलतं, पण कोपऱ्यातल्या लोगोच्या कडा तिथेच राहतात. बऱ्याच फ्रेम एकमेकींशी ताडून यंत्र या स्थिर कडा हेरतं. अनेक वाहिन्या ब्रेकमध्ये लोगो काढतात; कडा नाहीशा झाल्या की संशय बळावतो.

‘कॉमस्किप’ हा मोफत प्रोग्रॅम अशा खुणांची बेरीज करून प्रत्येक तुकड्याला गुण देतो आणि ब्रेकच्या वेळांची यादी एका छोट्या फाइलमध्ये लिहितो. मूळ रेकॉर्डिंग कापायची गरज नसते. प्लेअर यादी वाचून तेवढा भाग ओलांडतो. अंदाज चुकलाच तर मागे जाऊन पाहता येतं. नवख्याने म्हणूनच आधी कापू नये, ओलांडण्यावरच भागवावं.

2012 मध्ये अमेरिकेतल्या डिश नेटवर्क या टीव्ही कंपनीने ‘ऑटोहॉप’ ही ब्रेक आपोआप ओलांडण्याची सोय आणली, तेव्हा ब्रेकच्या खुणा चक्क माणसं करत होती. फॉक्स या वाहिनीने दावा लावला. 2013 मध्ये अपील न्यायालयाने ही सोय तात्पुरती थांबवायला नकार दिला : जाहिरातींचे हक्क फॉक्सकडे नव्हते, त्यामुळे त्या ओलांडल्याने फॉक्सच्या स्वामित्वहक्काला धक्का लागत नव्हता.

थेट कार्यक्रमात मात्र कोणतंही यंत्र पुढे उडी मारू शकत नाही, कारण पुढचा भाग अजून आलेलाच नसतो. त्यावर जुना उपाय आहे. तासाभराच्या कार्यक्रमात 18 मिनिटं जाहिराती असतील, तर रेकॉर्डिंग लावून 18 मिनिटं उशिरा बसावं. ब्रेक ओलांडत पाहिलं की शेवट सगळ्यांच्या बरोबरच गाठता येतो, आणि ती 18 मिनिटं आपली आपल्याला मिळतात.