आधी बाण, मग सूत्र

पहाटे ५.३०. लातूरचा ट्यूशन एरिया कधीच जागा झालाय. सायकली, स्कूट्या, पाठीवर सॅक. फिजिक्सचे सर टपरीवर उभ्यानेच चहा घेतात. दहा रुपये. पिशवीत रंगीत खडूंची पेटी, पदरच्या पैशाने घेतलेली. क्लास फक्त पांढरे खडू देतो.

६.००. अकरावीची पहिली बॅच. आज मुक्त पतन. दहावीत ओळख झालेली, त्यामुळे सुरुवातीचं गणित सगळ्यांना येतं. ४५ मीटरवरून दगड सोडला, खाली यायला किती वेळ? हवेचा विरोध सोडून द्यायचा, जी १० धरायचा. तीन सेकंद. पोरं खूश.

६.२०. खरं काम आता. ४० मीटर उंच मनोऱ्यावरून चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला. जमिनीवर कधी पडेल? सगळे सूत्रावर तुटून पडतात. मागच्या बाकावरचा एक जण ४० = १०टी − ५टी² मांडतो, वर्गसमीकरणापर्यंत जातो आणि अडतो. वर्गमुळाखाली उणे २८.

"सर, गणित चुकीचं छापलंय."

"गणित बरोबर आहे. बाण कुठंय तुझा?"

सर लाल खडूने फळ्यावर बाण काढतात. वरची दिशा अधिक. चेंडू शेवटी मनोऱ्याच्या पायथ्याशी पडला, म्हणजे विस्थापन उणे ४०. आता टी² − २टी − ८ = ०. उत्तरं दोन : ४ आणि उणे २. चेंडू फेकण्याआधीची वेळ आपल्या कामाची नाही. चार सेकंद. पोरगा खोडरबर शोधायला लागतो. "खोडू नको. शेजारी लिही. चूक दिसू दे."

७.१५. दुसरी बॅच. तोच मनोरा, तोच चेंडू. सर्वांत वरच्या बिंदूला त्वरण किती? निम्मा वर्ग म्हणतो, शून्य.

"वेग शून्य, त्वरण नाही. तेही शून्य झालं असतं तर चेंडू वरच राहिला असता की रे!"

१०.००. तिसरी बॅच. सर एका मुलीच्या बोटांमध्ये फूटपट्टी धरतात आणि न सांगता सोडतात. तिने पकडली तोवर पट्टी २० सेंटिमीटर घसरलेली. सूत्रात घाला : ०.२ सेकंद. मग सगळ्यांनाच पट्टी पकडायची असते. पोर्शनमध्ये हे नाही, पाच-सात मिनिटं जातात. मला विचाराल तर दिवसभरातली सर्वांत कामाची मिनिटं तीच.

दुपारी १.००. डबा. नंतर टेस्टचे पेपर. निम्म्या पेपरांवर बाण नाही.

५.३०. चौथी बॅच. आवाज बसलाय, तोंडात लवंग. उजवा खांदा ठणकतो, तरी मनोरा पुन्हा काढावा लागतो.

७.००. डाउट. वह्या घेऊन रांग. सरांची दोन बोटं अजून लाल.

रात्री ८.१५. हिशेब सोपा. तासाला ४०० रुपये, चार तासांचे १६००. डाउटचा वेळ त्यात धरत नाहीत.