धक्के कोण सोसणार?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेलगत, सुमारे ४० मैल वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. उन्हाळा ओसरला की सुट्टीच्या दिवसांत तिथे कुटुंबेच्या कुटुंबे मुक्कामाला येतात आणि लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यात बसून टेकड्या पालथ्या घालतात. या गाडीचे नाव साइड-बाय-साइड. घोड्यावर बसावे तशी मांड ठोकायची चारचाकी वेगळी. इथे दोन माणसे शेजारी-शेजारी बसतात. हातात हँडलऐवजी स्टिअरिंग, कमरेला पट्टा.

या गाडीचा जीव इंजिनात कमी, सस्पेन्शनमध्ये जास्त. पोलारिस कंपनीच्या आरझेडआर एक्सपी १००० या गाडीचे पुढचे चाक १६ इंच आणि मागचे १८ इंच वर-खाली होऊ शकते. आपल्या नेहमीच्या मोटारीत याच्या निम्मीही हालचाल नसते. तरीही मालकाची तक्रार ठरलेली असते: खड्ड्यात गाडी खाली आपटते, पाठीतून कळ येते. दुकानदारही तयारच असतो. नवे शॉक अॅब्सॉर्बर घ्या, लांब आर्म बसवा, रुंदी वाढवा! खिसा रिकामा होतो आणि कळ बहुधा तिथेच राहते.

आधी वजन, मग खर्च

कारखान्यातून येणारी स्प्रिंग कुठल्यातरी सरासरी माणसाचा हिशेब करून बसवलेली असते. प्रत्यक्षात गाडीत दोन धष्टपुष्ट माणसे, मागे जादा चाक, हत्यारांची पेटी आणि बर्फाचा डबा असतो. गाडी उभ्या जागीच खाली बसते. मग अठरा इंचांतले बरेचसे इंच खड्डा येण्याआधीच खर्ची पडलेले असतात.

हे तपासायला टेपखेरीज काही लागत नाही. गाडी जॅकवर उचलून चाके लोंबकळू द्यायची आणि चॅसीपासून जमिनीपर्यंत नव्हे, तर चाकाच्या मध्यापासून वरच्या एखाद्या ठरावीक खुणेपर्यंत मापायचे. मग गाडी खाली ठेवायची, थोडी पुढे-मागे हलवून स्थिर होऊ द्यायची, नेहमीचे सामान आणि माणसे बसवून पुन्हा मापायचे. चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकी गाडी बसली तर ठीक. त्याहून बरीच जास्त बसत असेल, तर दुखणे स्प्रिंगमध्ये आहे.

इथे एक चूक सर्रास होते. स्प्रिंगवरची चकती फिरवून तिला जास्त दाबले की स्प्रिंग कडक झाली, असे समजतात. तसे नसते. चकतीने गाडी फक्त वर उठते. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी आणि वेढे ठरवतात. वजन वाढले असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, आणि नव्या शॉक अॅब्सॉर्बरच्या तुलनेत हा खर्च बराच कमी असतो. अनेक गाड्यांत वर एक छोटी मऊ स्प्रिंग आणि खाली एक लांब स्प्रिंग असते. दोघींच्या मधला प्लॅस्टिकचा ठोकळा वरच्या कडीवर टेकला की छोटी बाजूला होते आणि सगळा भार लांब, ताठ स्प्रिंगवर येतो. ही कडी कुठे बसवायची, यावर मोठ्या उडीनंतर कंबर शाबूत राहणार की नाही हे बरेचसे ठरते.

झुकणारी गाडी आणि उलटणारी गाडी

गाडी वळणावर झुकली की शेजारी बसलेली गृहिणी घाबरते, आणि नवरा दुसऱ्याच दिवशी जाडजूड अँटी-स्वे बार बसवून आणतो. हा बार डाव्या-उजव्या चाकांना जोडतो आणि झुकणे कमी करतो. पण झुकणे आणि उलटणे एकच नव्हे.

याचा धडा यामाहाच्या ऱ्हायनो गाडीने दिला. २००३ पासून विकल्या गेलेल्या ऱ्हायनो ४५० आणि ६६० या मॉडेलांच्या पन्नासहून अधिक अपघातांची चौकशी अमेरिकेच्या ग्राहक वस्तू सुरक्षा आयोगाने केली. त्यांत ४६ जणांचा जीव गेला होता. दोन तृतीयांशांहून अधिक घटनांत गाडी उलटली होती आणि अनेकांनी पट्टा बांधलेला नव्हता. मन हलवणारी गोष्ट ही, की उलटण्याच्या बऱ्याच घटना सपाट जमिनीवर, बेताच्या वेगात, साध्या वळणावर घडलेल्या दिसत होत्या. ३१ मार्च २००९ रोजी मोफत दुरुस्तीची मोहीम जाहीर झाली. दुरुस्ती काय होती? मागच्या चाकांना स्पेसर लावून ती बाहेर सरकवायची आणि मागचा अँटी-स्वे बार काढून टाकायचा!

कारण असे: मागची बाजू फार ताठ झाली की वळणावर मागच्या आतल्या चाकावरचे वजन उडून बाहेरच्या चाकावर जाते. मागची पकड सुटते, शेपूट घसरते आणि गाडी अपेक्षेपेक्षा जास्त वळते. पुढे एखादा चर किंवा दगड आडवा आला की संपलेच. म्हणून पुढचा-मागचा तोल न पाहता एकच भाग बदलणे हा निव्वळ जुगार आहे.

शॉक अॅब्सॉर्बरचे काम कार्यालयाच्या दाराला लावलेल्या क्लोजरसारखे. दार धाडकन आदळू नये म्हणून आतले तेल बारीक छिद्रांतून सरकते. इथे स्प्रिंगची उसळी तेच तेल आवरते. वाळूत तासन् तास धावल्यावर तेल तापते, पातळ होते आणि गाडी होडीसारखी डुलू लागते. बऱ्याचदा नवा शॉक घेण्याऐवजी जुना उघडून तेल आणि सील बदलले तरी गाडी सुधारते. मात्र आत नायट्रोजन वायू मोठ्या दाबाने भरलेला असतो. अंगणात पाना घेऊन तो उघडणे म्हणजे डोळा गमावण्याची तयारी. हे काम कारागिराचेच.

आपल्याकडे ही गाडी घरोघरी नाही. पण २००७ पासून मध्य प्रदेशातील पीथमपूरला भरत आलेल्या बाहा स्पर्धेत महाराष्ट्रातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेली एक आसनी गाडी घेऊन उतरतात, आणि हीच गणिते त्यांच्याही वाट्याला येतात.

बदल केल्यावर आधी एकट्याने, हेल्मेट आणि पट्टा बांधून, ओळखीच्या वाटेवर हळू फेरी मारायची. एका वेळी एकच फेरफार, आणि तो वहीत टिपून ठेवायचा. मग शेजारच्या आसनावर तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या बांधून पुन्हा तीच फेरी. मुलांना बसवायचे ते त्यानंतर.