अपडेट अर्धवट राहिलं म्हणजे इअरबड्स मेले नाहीत!



मागच्या बॅचला मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान चालवणारे एक दादा आले होते. दुकान तालुक्याच्या बाजारपेठेत, स्वतः आणि एक पोरगा एवढाच स्टाफ. त्यांनी सांगितलेला किस्सा तुमच्यापैकी अनेकांना ओळखीचा वाटेल.

शनिवार, आठवडी बाजार, दुकानात गर्दी. एक कॉलेजचा मुलगा आला. आठवड्यापूर्वी इथूनच घेतलेले इअरबड्स. "दादा, ॲप अपडेट मागतंय, जरा करून द्या ना." दादांनी त्याच्याच फोनवर अपडेट सुरू करून दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. अपडेट साठ टक्क्यांवर थांबलं. मुलाने एक बड काढून कानात घालून बघितला. झालं, 'अपडेट फेल' असा मेसेज आला आणि उजवा बड बोलेना.

मग सुरू झाली धावपळ. रीसेट, परत रीसेट, दुसरा फोन, दुकानातला लॅपटॉप. पाऊण तास गेला. चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढला. शेवटी दादांनी वाद नको म्हणून शेल्फवरचा नवा जोड काढून दिला. १,७९९ रुपये गेले. रात्री 'मेलेला' जोड डबीत घालून चार्जिंगला लावला. सकाळी स्वतःच्या फोनला जोडून अपडेट पुन्हा चालवलं, तर दोन्ही बड ठणठणीत!

दादा म्हणाले, "सर, नुकसान बड्सनी नाही केलं, माझ्या घाईनं केलं."

आजचा विषय हाच. अपडेट फसलं की काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं आणि आपलं दुकान त्यात कसं सांभाळायचं.

आत नेमकं काय चालतं?

इअरबड्सचा जोड म्हणजे एक वस्तू नाही. डावा बड वेगळा, उजवा वेगळा. दोघांची चिप वेगळी, बॅटरी वेगळी आणि फर्मवेअरही आपापलं. फर्मवेअर म्हणजे चिपमध्ये कायमचा बसवलेला प्रोग्राम.

ॲप आधी इंटरनेटवरून नवी फाईल फोनमध्ये घेतं. हे काम पटकन होतं. मग तीच फाईल ब्लूटूथवरून बड्समध्ये जाते, आणि ब्लूटूथची ही वाट अरुंद आहे. म्हणून छोट्याशा फाईललाही बराच वेळ लागतो. फाईल पूर्ण पोहोचली की बड ती तपासतो आणि मगच नव्या प्रोग्रामवर चालू होतो.

आता महत्त्वाची गोष्ट. बऱ्याच चिपमध्ये यासाठी दोन खोल्या असतात असं समजा. नवा प्रोग्राम रिकाम्या खोलीत उतरतो, जुना आपल्या खोलीत शाबूत राहतो. मध्येच तुटलं तर बड जुन्यावरच चालतो. म्हणून 'फेल' हा शब्द दिसला की घाबरायचं नाही. पण काही मॉडेलमध्ये एकच खोली असते. तिथे लिहिणं चालू असताना बॅटरी संपली तर बड खरोखर अडकू शकतो. बाहेरून बघून आपल्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक जोड एकाच खोलीचा आहे असं समजूनच हात लावायचा.

अपडेट का फसतं?

पहिलं कारण चार्जिंग. डबी फुल असते, पण बडच्या धातूच्या टोकांवर कानातला मळ बसलेला असतो, म्हणून एक बड चार्जच होत नाही. ॲपमध्ये डाव्या-उजव्याचे टक्के वेगवेगळे दिसतात का ते बघा. टोकं कोरड्या कॉटन बडने पुसा. मळ चिवट असेल तर कॉटन बडला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम लावा. पाणी अजिबात नको.

दुसरं कारण फोन. बॅटरी सेव्हर चालू असेल किंवा फोन खिशात टाकला, की ॲप मागे जाऊन झोपतं. परवानग्याही बघा. अँड्रॉइड १२ पासून ॲपला 'निअरबाय डिव्हायसेस'ची परवानगी लागते. त्याआधीच्या फोनमध्ये ब्लूटूथवरची वस्तू शोधायलाही लोकेशन चालू लागायचं.

तिसरं, दुसरं उपकरण मध्ये येणं. अनेक बड्स आता एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप दोन्हींना जोडलेले राहतात. घरी लॅपटॉपला जोडलेले बड्स अपडेट होत नसतील तर कारण बहुतेक वेळा हेच.

चौथं, गर्दी. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि वायफायचाही बराच भाग तिथेच चालतो. दुकानात राऊटर, डेमोचे स्पीकर, स्मार्टवॉच सगळं चालू. अशा काउंटरवर अपडेट करणं म्हणजे बाजारात उभं राहून फोनवर पत्ता लिहून घेणं!

आता क्रम पाठ करा

१. बार थांबलेला दिसला तरी लगेच काही करू नका. ॲप बंद नको, बड कानात नको. पंधरा-वीस मिनिटं थांबा.

२. तरी हलला नाही तर अपडेट रद्द करा. दोन्ही बड डबीत, झाकण बंद, केबल लावून किमान अर्धा तास चार्जिंग.

३. फोन रीस्टार्ट करा. बाकी सगळ्या उपकरणांचं ब्लूटूथ बंद करा. ॲपचीच नवी आवृत्ती आली असेल तर ती आधी घ्या.

४. त्याच फोनवर पुन्हा अपडेट चालवा. फोन आणि डबी शेजारी, स्क्रीन चालू. बड डबीत ठेवायचे की बाहेर, झाकण उघडं की बंद, हे मॉडेलनुसार बदलतं. ॲप सांगेल तसंच करा.

५. तरी नाही? मग फोनच्या ब्लूटूथ यादीतून बड्स काढून टाका, मॅन्युअलप्रमाणे एकदाच रीसेट करा, नव्याने जोडा आणि अपडेट करा. लक्षात ठेवा, रीसेटने जोडणी आणि सेटिंग पुसली जातात, जुनं फर्मवेअर परत येत नाही. म्हणून दहा वेळा रीसेट करून काही मिळत नाही.

६. शेवटचा प्रयत्न दुसऱ्या फोनवर, तोही एकदाच.

इथे थांबायचं. पुढे सर्व्हिस सेंटर. बड फोडायचा नाही, तो चिकटवलेला असतो आणि आत लिथियमची बॅटरी आहे. इंटरनेटवर सापडलेली 'जवळपासच्या मॉडेलची' फाईल तर मुळीच टाकायची नाही.

ॲप योग्य आहे ना, तेही तपासा. सॅमसंगला गॅलेक्सी वेअरेबल, वनप्लस-ओप्पोला हेमेलडी, नथिंगला नथिंग एक्स. आणि स्वस्तातल्या कितीतरी जोडांना ॲपच नसतं, त्यांना अपडेटही येत नाही. हे विकतानाच सांगा.

एअरपॉड्सचं गणित वेगळं

इथे अपडेटचं बटणच नाही. एअरपॉड्स डबीत, चार्जिंगला, आणि वायफायला जोडलेला आपला आयफोन, आयपॅड किंवा मॅक जवळ असेल तर अपडेट आपोआप होतं. डबी केबलला लावा, झाकण बंद ठेवा आणि किमान ३० मिनिटं हात लावू नका. मग आयफोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडून एअरपॉड्ससमोरच्या 'आय'वर टॅप करा, आवृत्ती दिसेल. अँड्रॉइडवरून हे अपडेट होत नाही. गिऱ्हाईक अँड्रॉइडवाला असेल तर त्याला तिथेच स्पष्ट सांगा. एक हरवलेला बड बदलून आणला असेल तर दोघांची आवृत्ती वेगळी असू शकते आणि जोडी जमत नाही. त्यावरही आधी हाच अर्ध्या तासाचा उपाय.

काउंटरचे चार नियम

पहिला, अपडेट म्हणजे उपकार नाही, काम आहे. हातात घेण्याआधी गिऱ्हाइकासमोर दोन्ही बडवर गाणं वाजवून बघा. दोघांचे टक्के, आवृत्ती, ओरखडे जॉब शीटवर लिहा आणि सही घ्या.

दुसरा, गर्दीत करायचं नाही. "ठेवून जा, उद्या सकाळी घ्या" असं शांतपणे म्हणा.

तिसरा, पैसे आधी बोला. आपल्याकडून घेतलेल्या मालाला फुकट, बाहेरच्याला ठरलेला चार्ज. बोर्डावर लिहून टाका.

चौथा, वॉरंटीतला माल बिघडला तर बिलासकट सर्व्हिस सेंटरचा रस्ता दाखवा, तक्रार नोंदवायला मदत करा. त्यांचं उत्तर येण्याआधी शेल्फवरचा नवा जोड काढून द्यायचा नाही. गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करू शकतो, तो त्याचा हक्क आहे. त्या वेळी तुमच्याकडे जॉब शीट असेल तर काय झालं, कधी झालं, हे तुम्हाला कागदावर दाखवता येईल.

त्या दादांनी आता काउंटरमागे एक छोटा कप्पा केलाय. चार्जर, कॉटन बड, जॉब शीटचं पॅड. अपडेटचं काम सकाळी दुकान उघडल्यावर पहिल्या तासात. आणि गंमत म्हणजे तोच कॉलेजचा मुलगा परवा मित्राला घेऊन आला. दादांनी त्याला खरं काय झालं होतं ते सांगितलं. मुलगा म्हणाला, "तेव्हाच म्हणाला असतात ना दादा, उद्या या, तर मी थांबलो असतो."

गिऱ्हाईक थांबायला तयार असतं मंडळी. फक्त किती आणि कशासाठी, हे आपण सांगायला हवं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानाची एका पानाची जॉब शीट बनवा आणि पन्नास प्रती काढून काउंटरवर ठेवा. भेटू पुढच्या भागात!