एक्स-रेला चुंबकत्व दिसतं कसं? उज्जैनजवळच्या एका यंत्राची गोष्ट

एक्स-रे म्हटलं की आपल्याला मोडलेलं हाड आठवतं. पण त्याच किरणांनी चुंबकाच्या पोटातली रचनाही तपासता येते आणि ते करणारं यंत्र उज्जैनहून साधारण ५५ किलोमीटरवर, इंदूरला आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातलं हे यंत्र, नाव ‘इंडस-२’. केंद्राला रामण्णांचं नाव मिळून बरीच वर्षं झाली, तरी इंदूरकरांच्या तोंडी अजून जुनं ‘कॅट’च आहे.

आधी चुंबकाचं बघू. साध्या लोखंडाच्या तुकड्यात असंख्य बारीक इलाखे असतात. प्रत्येक इलाख्यातले अणू एका दिशेला तोंड करून बसलेले, शेजारचे दुसऱ्या दिशेला. संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये माहिती अशाच इलाख्यांत साठवतात. तिथे एका नोंदीला जागा मिळते काही दशक नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर, त्यामुळे साधा सूक्ष्मदर्शक इथे हात टेकतो. जाड हातमोजे घालून मोहरीचे दाणे मोजायला बसावं, तशी गत.

एक्स-रेची लांबी कमी, हे खरं. पण नुसतं तेवढं पुरत नाही. साध्या एक्स-रेला अणू कोणत्या दिशेला तोंड करून बसलाय, याचं जवळजवळ सोयरसुतक नसतं. १९८७ साली जर्मनीत गिझेला श्युट्झ आणि सहकाऱ्यांनी लोखंडावर प्रयोग करून वाट दाखवली. त्यांनी पिळाचे किरण वापरले. स्क्रूला उजवा किंवा डावा आटा असतो ना, तसाच किरणांनाही पीळ देता येतो. चुंबकाची दिशा किरणाच्या रेषेत असेल, तर एका पिळाचे किरण जास्त शोषले जातात, उलट्या पिळाचे कमी. दोन्ही मोजायचे आणि वजाबाकी करायची. जो फरक उरतो, ती चुंबकत्वाची खूण.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक ऊर्जेला किरण शोषतो: लोखंड सुमारे ७०७ इलेक्ट्रॉन-व्होल्टला, कोबाल्ट ७७८ला, निकेल ८५३ला. म्हणजे मिश्रधातूत कोणाचं चुंबकत्व किती आणि कोणत्या दिशेला, याचा हिशेब धातूवार वेगळा मांडता येतो. साधा चुंबकमापक फक्त एकूण बेरीज सांगतो.

असे किरण दवाखान्यातल्या नळीतून निघत नाहीत. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटर घेराच्या नळीत, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला १७ लाखांहून जास्त फेऱ्या मारतात. वळणावर मोठे चुंबक त्यांना वाकवतात आणि वाकताना ते प्रकाश फेकतात. फेरीच्या बरोबर पातळीत मिळणाऱ्या किरणांना पीळ नसतो. जरा वरून घेतले तर एक पीळ, जरा खालून घेतले तर उलटा. चुंबक बघायला चुंबकच कामाला लावलेत!

मग इंदूरमध्ये नॅनोमीटरचा ‘फोटो’ निघतो का? इथे गल्लत होते. साध्या मोजणीत किरणांचा ठिपका नॅनोमीटरच्या मानाने प्रचंड मोठा असतो, म्हणून हाती येते ती त्या सगळ्या भागाची सरासरी. चित्र हवं तर किरण काही दशक नॅनोमीटरच्या ठिपक्यावर एकवटून नमुना बिंदू-बिंदूने तपासावा लागतो, किंवा नमुन्यातून उडणारे इलेक्ट्रॉन मोठे करून पाहावे लागतात. एकवटायला मुळात इलेक्ट्रॉनांचा झोत बारीक हवा. इंडस-२ २००५च्या सुमाराचं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलचं यंत्र २०२० साली नव्याने सुरू झालं, त्याचा झोत याहून शेकडो पट नेटका. स्वित्झर्लंडमधल्या फिलिगेनला २०१७ साली गॅडोलिनियम-कोबाल्टच्या, पाच हजार नॅनोमीटर जाडीच्या खांबाच्या आतली चुंबकीय दिशा तिन्ही मितींत रेखाटली गेली. तसं काम करायचं तर आपल्या संशोधकांना अजून नमुना बॅगेत घालून परदेशी जावं लागतं.

बारीक बघायला यंत्र अवाढव्य लागतं, हे उज्जैनला नवं नाही. पितळेची छोटी यंत्रं चुकतात म्हणून सवाई जयसिंगाने वेधशाळेत दगडा-चुन्याची थोरली यंत्रं उभारली. पुढे पडझड झाल्यावर १९२३ साली माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवून घेतली.

उज्जैन, बऱ्हाणपूर, जळगावकडच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी कामाची माहिती: इंडसवर विद्यापीठांतले संशोधक अर्ज करून वेळ मागू शकतात. अर्जात नमुना कोणता, कोणत्या ऊर्जेचे किरण हवेत आणि हेच यंत्र का, ते नीट लिहावं लागतं. एक सांभाळा. या मऊ एक्स-रेची नेहमीची मोजणी वरच्या काही नॅनोमीटरपुरतीच असते. नमुन्यावर गंज धरला असेल, तर लोखंडाऐवजी गंजाचंच चुंबकत्व मोजून याल.